जव रोजच्या स्वयंपाकात : सुपापासून ताटापर्यंत

उन्हाळा लागला किंवा घरात कोणाला शुगर निघाली, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत दर वर्षी काही घरी जव आणला जातो, आणि त्यांतल्या बहुतेक घरी तो पंधरा दिवसांत डब्याच्या तळाशी जाऊन बसतो. पोळी लाटताना तडकली, भाकरीतून तूस (दाण्याचे कवच) दाताखाली आला, पोट फुगले, कुकरच्या आठ शिट्ट्या होऊनही दाणा कच्चाच राहिला, अशी कारणे सांगितली जातात. ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्यांचा दोष धान्याला देणे योग्य नाही. चूक बहुधा तव्यावर पोहोचण्याच्या फार आधी, निवडण्यात, कांडण्यात किंवा प्रमाणात झालेली असते.

गहू मळला की त्याचे कवच सुटते आणि दाणा मोकळा होतो. जवाचे तसे नाही. त्याचे कवच दाण्याला घट्ट चिकटलेले असते आणि मळणीनंतरही सुटत नाही. गव्हासारखा जव नुसता निवडून चक्कीवर नेला, तर ते कवच पिठात दळले जाते आणि पुढची प्रत्येक पायरी बिघडते. म्हणून खाली दिलेला क्रम कृपया मोडू नये.

### आधी दोन गोष्टींचा उलगडा

पहिली गोष्ट सातूची. जुन्या मराठीत जवालाच सातू म्हणतात, परंतु आपल्याकडे घरोघरी जे सातूचे पीठ होते, ते भाजलेला गहू आणि हरभऱ्याची डाळ किंवा डाळवे यांचे असते. ते पीठ चांगलेच आहे. मात्र त्यात जवाचा दाणाही नसतो. वैद्यांनी जवाचा सातू सांगितलेला असताना कित्येक जण महिनोन्‌महिने गव्हाचा सातू खात राहतात आणि गुण आला नाही म्हणून सोडून देतात. तेव्हा डब्यातले पीठ कशाचे आहे, हे आधी घरातल्या करणाऱ्या बाईला विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट गुणांची. आयुर्वेदाने जव रूक्ष (कोरडा), थंड, चवीला गोड आणि किंचित तुरट मानला आहे. तो कफ कमी करतो, बळ देतो, परंतु वात आणि मळ वाढवतो, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. नित्य खावयाच्या पदार्थांच्या यादीतही साठेसाळ, मूग, आवळा, दूध, तूप यांच्याबरोबर जवाला स्थान आहे, आणि प्रमेहाच्या (मधुमेह ज्यांत मोडतो, त्या लघवीच्या विकारांच्या) रुग्णाला तर जवप्रधान आहारच सांगितला आहे. या वर्णनातले ‘रूक्ष’ आणि ‘वात वाढवणारा’ हे दोन शब्द स्वयंपाक करणारीने लक्षात ठेवावेत. जवासोबत तूप, ताक, जिरे किंवा सुंठ का हवी आणि पहिल्याच दिवशी पोटभर जव का खाऊ नये, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांत आहेत.

सावधान : जवात ग्लूटेन (गव्हातही असणारे चिकट प्रथिन) असते. ज्यांना सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या आजारामुळे गहू बंद केला आहे, त्यांना जव गव्हाइतकाच अपायकारक आहे. ‘गहू चालत नाही, मग जव घ्या’ हा सल्ला अशा माणसाला कधीही देऊ नये. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी आहारात जव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण साखरेचे मान बदलू शकते. मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे मोजमाप ठरवून दिलेले असेल, तर जवाचे पाणी त्या मोजमापातच धरावे.

### पायरी १ : योग्य जव विकत घेणे

विदर्भात जवाचे पीक फारसे नाही. बाजारातला बहुतेक माल राजस्थान, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाकडून येतो. खेड्यातल्या दुकानात तो नसतो आणि तालुक्याच्या किराणा दुकानातही मागावा लागतो. मागताना तो तीन रूपांत मिळतो, हे माहीत असावे.

कवचासह जव पिवळसर-तपकिरी आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. सर्वांत स्वस्त हाच, आणि कांडण्याचे काम असेल तर हाच घ्यावा. सोललेला जव तपकिरी, पण कवचाविना असतो. मिळाला तर पायरी २ मधले कांडण वाचते. तिसरा पांढरा, गोलसर, पॉलिश केलेला, ज्याला दुकानदार बार्ली किंवा पर्ल बार्ली म्हणतात. त्याचा कोंडा गेलेला असतो, तरी तो निरुपयोगी ठरत नाही. जवातला बीटा-ग्लूकन नावाचा विरघळणारा तंतू, ज्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते, तो कोंड्यापुरता नसून दाण्याच्या आतल्या भागातही असतो. आजाऱ्याच्या पेजेसाठी आणि जवाच्या पाण्यासाठी पांढरा जव सोयीचा आहे. रोजच्या पिठासाठी पहिले दोन प्रकार बरे.

सावधान : घटस्थापनेला पेरण्यासाठी किंवा होमासाठी पूजा-साहित्याच्या दुकानात मिळणारा जव खाण्यासाठी घेऊ नये, कारण तो खाण्याच्या दृष्टीने साफ केलेला किंवा साठवलेला असेलच असे नाही. कृषी केंद्रातले बियाणे तर अजिबात नको. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते. गुलाबी, हिरवा किंवा निळसर रंग दिसला की तो दाणा विषारी समजावा. धुऊन तो खाण्याजोगा होत नाही.

शक्य असल्यास एक वर्ष जुना जव मागावा. नवे धान्य पचायला जड आणि जुने हलके, हा आयुर्वेदाचा सर्वसाधारण नियम आहे, आणि वसंतात व पावसाळ्यात तर जुनाच जव सांगितला आहे. जुना याचा अर्थ किडलेला असा मात्र नव्हे.

तपासणी : मूठभर दाणे हातात घेऊन नाकाशी धरावेत, कुबट किंवा तेलकट वास आला तर परत करावेत. एक दाणा दाढेखाली फोडावा. कट्‌ आवाज होऊन तो फुटला तर माल वाळलेला आहे. चेपला गेला तर त्यात ओल आहे आणि डब्यात बुरशी धरेल. पहिल्या खेपेला दोन किलोपेक्षा जास्त आणू नये.

### पायरी २ : निवडणे, कांडणे, पाखडणे

ही पायरी सर्वांत वेळखाऊ आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते. माझ्या घरी पहिल्यांदा जव आला, तेव्हा मीही ती टाळली होती. दाणा गव्हासारखा दिसत होता, म्हणून गव्हासारखाच निवडून दळून आणला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी भाकरीचा पहिला घास तोंडात घेतला आणि चावता चावता थांबल्या; मग बोटाने जिभेवरून एक बारीक, पिवळी काडी काढून ताटाच्या कडेला ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. दोन किलो पीठ मात्र गुराच्या आंबोणात गेले.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे.

1. जव सुपात घेऊन आधी कोरडाच पाखडावा. लांब, राठ कुसळे आणि हलका कचरा यातच निघून जातो. कुसळ बोटात शिरते, म्हणून दाणे हाताने चोळत बसू नये.

2. खडे, मातीचे गोळे आणि काळे दाणे निवडून काढावेत. जवात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. ते राहिले तरी बिघडत नाही.

3. एक किलो जवावर साधारण एक वाटी पाणी शिंपडून दाणे खालीवर करावेत आणि ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे झाकून ठेवावेत. दाणे ओले दिसावेत, परंतु तळाशी पाणी साचू नये.

4. उखळात एका वेळी अर्धा किलोच घालावा आणि लाकडी मुसळाने हलक्या हाताने पाच-सात मिनिटे कांडावे. जोर मुसळाच्या वजनाचा असावा, खांद्याचा नसावा. दाण्यावर दाणा घासून तूस सुटतो. जोराने ठोकल्यास दाणा फुटतो आणि तूस त्याला चिकटूनच राहतो.

5. धोतरावर किंवा जुन्या लुगड्यावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवावे. चैत्र-वैशाखात दोन-तीन तास पुरतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो.

6. पुन्हा पाखडावे. तूस उडतो, जड दाणा सुपात राहतो.

ज्यांच्याकडे उखळ नाही, त्यांनी वाळलेला जव चक्कीवर पाट मोकळे ठेवून नुसता भरडून आणावा आणि भरडा पाखडून तूस काढावा. यात दाणा फुटतो, त्यामुळे अख्खा जव शिजवण्यासाठी तो उरत नाही. पीठ आणि कण्यांसाठी मात्र चालतो. मिक्सरमध्ये सोलण्याचा प्रयत्न करू नये. पाते दाणा चिरते, सोलत नाही.

तपासणी : किलोमागे सुमारे शंभर ग्रॅम किंवा थोडा अधिक तूस निघाला पाहिजे. अगदी चिमूटभर निघाला असेल, तर कांडण अपुरे आहे. पाणी शिंपडण्यापासून पुन्हा करावे. सोललेला दाणा दाढेखाली पुन्हा फोडून पाहावा, कारण ओलसर जव दळला तर चक्कीच्या पाटाला चिकटतो आणि पीठ चार दिवसांत कुबट होते.

### पायरी ३ : तीन वाटे करणे आणि दळण

सोललेला जव येथे तीन भागांत वाटावा : निम्मा पिठासाठी, पाव भाग कण्यांसाठी व अख्खा शिजवण्यासाठी आणि पाव भाग सातूसाठी. सगळाच दळून ठेवण्याची घाई करू नये, कारण दाणा महिनोन्‌महिने टिकतो, पीठ टिकत नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवस पुरेल इतकेच दळावे.

चक्कीवर गव्हाच्या दळणानंतर आपला डबा लावावा. मिरची, हळद किंवा बेसनाच्या पाठोपाठ लावल्यास त्याचा वास जवाला लगेच लागतो. पीठ ज्वारीपेक्षा बारीक, पण गव्हाच्या पोळीच्या पिठापेक्षा किंचित रवाळ मागावे. घरी आल्यावर गरम पीठ डब्यात बंद करू नये. परातीत पसरून थंड होऊ द्यावे. ते चाळून कोंडा टाकू नये. तूस काढला आहे, कोंडा खायचा आहे. या दोहोंत गल्लत करणाऱ्या मंडळी पुष्कळ आहेत.

### पायरी ४ : पोळी आणि भाकर

जवाच्या पिठाला गव्हाची चिवट लवचीकता नसते, म्हणून नुसत्या जवाची पोळी लाटताच कडा फाटतात. शिवाय ते पाणी जास्त ओढते आणि भिजवून ठेवले की चिकट होत जाते.

पोळीसाठी पहिले दोन आठवडे चार वाट्या गव्हाच्या पिठात एक वाटी जवाचे पीठ घ्यावे. नंतर हे प्रमाण तीनास एक, आणि महिन्यानंतर दोनास एक करावे. निम्म्यापेक्षा जास्त जव पोळीत घालू नये. तसा आग्रह असेल तर भाकर करावी. पीठ कोमट पाण्याने, गव्हाच्या कणकेपेक्षा थोडे सैल भिजवून वीस मिनिटे झाकून ठेवावे. मग तेलाचा हात लावून मळावे आणि जरा जाडसर लाटावे. तवा मध्यम तापलेला हवा. फार तापलेल्या तव्यावर वरून डाग पडतात आणि आतून पोळी कच्ची राहते.

भाकरीसाठी ज्वारी आणि जव निम्मे-निम्मे घ्यावे. ज्या हातांना ज्वारीची भाकर येते, त्यांना यात नवे काही शिकावे लागत नाही, फक्त एक सवय बदलावी लागते : चार भाकरींचे पीठ एकदम मळून ठेवू नये. कडकडीत पाणी घालून एका भाकरीपुरते पीठ तळहाताच्या गादीने चांगले रगडावे आणि लगेच थापावे. दुसरी भाकर थापेपर्यंत मळून ठेवलेला गोळा परातीला चिकटू लागतो. मग वरून कोरडे पीठ घालत गेल्याने भाकर राठ होते.

सावधान : जवाची भाकर तव्यावरून उतरताच तिच्यावर तूप घालावे. रूक्ष धान्याला स्नेह, म्हणजे तूप-तेल हवे. शुगर आहे म्हणून तूप पूर्ण वगळून, कोरडी भाकर ठेच्याबरोबर खाणाऱ्यांचीच पोटे धरतात. चमचाभर तूप, तुरीचे पातळ वरण किंवा ताकाची कढी सोबत असावी.

### पायरी ५ : कण्या आणि अख्खा जव

आपल्याकडे ज्वारीच्या कण्या जशा होतात, तशाच जवाच्या होतात, आणि माझ्या मते नव्याने जव खाणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी, कारण कण्या पचायला सोप्या असतात आणि बिघडत नाहीत. भरडलेला जव चाळून पीठ वेगळे करावे. एक वाटी कण्या जाड बुडाच्या गंजात मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरड्या भाजाव्यात. दुसरीकडे चार वाट्या पाणी, मीठ आणि अर्धा चमचा जिरे उकळावे. उकळत्या पाण्यात कण्या वैरताना दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. थंड पाण्यात घालून चुलीवर ठेवल्यास गाठी होतात. झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्याव्यात. वाढताना त्यात ताक, बारीक चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि वरून तेलात तडतडलेल्या लसणाची फोडणी घालावी.

अख्खा सोललेला जव रात्रभर, निदान आठ तास, भिजवलाच पाहिजे. सकाळी ते पाणी टाकून एकास साडेतीन या प्रमाणात नवे पाणी घालावे. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या करून नंतर दहा मिनिटे आच मंद ठेवावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. पांढरा जव भिजवला नाही तरी चालतो. त्याला तीन शिट्ट्या पुरतात. शिजलेला जव मुगाच्या डाळीबरोबर खिचडीत घालावा. तांदळाच्या जागी सगळा जव न घालता निम्माच घालावा.

तपासणी : दाणा दोन बोटांत दाबल्यावर पूर्ण चेपला पाहिजे. मध्ये पांढरा, कडक ठिपका लागला तर तो कच्चा आहे. तसा खाल्लेला जव रात्रभर पोटात गुडगुडतो.

### पायरी ६ : जवाचा सातू

सातूसाठी काढलेला पाव भाग लोखंडी कढईत थोडा थोडा घालून भाजावा. आच मध्यम ठेवावी आणि हात थांबवू नये. आठ-दहा मिनिटांत दाण्याचा रंग बदामी होतो, काही दाणे तडतडतात आणि भाजक्या भाकरीसारखा वास सुटतो. त्या क्षणी तो परातीत ओतावा. कढईत राहू दिल्यास तिच्या तापाने तो करपतो आणि सगळा सातू कडवट होतो. पूर्ण थंड झाल्यावर अर्ध्या किलोला सव्वाशे ग्रॅम डाळवे, एक चमचा भाजलेले जिरे आणि अर्धा चमचा सुंठ घालून बारीक दळावे.

कालवण्याची जुनी रीत अशी की आधी सातूला तूप चोळायचे आणि मग थंड पाणी घालायचे, फार पातळ नको आणि फार घट्टही नको. आयुर्वेदात यालाच मंथ म्हटले आहे, आणि ग्रीष्मात साखर घातलेला थंड मंथ सांगितला आहे. तुपाचा हात आधी लागल्याने गुठळ्याही होत नाहीत. तीन चमचे सातू, पाऊण चमचा तूप, गुळाचे पाणी आणि चिमूटभर मीठ इतके एका माणसाला पुरे. शुगर असलेल्यांनी गूळ वगळून ताक घ्यावे.

सातू कधी खाऊ नये, याचे नियम परंपरेने स्पष्ट घालून दिले आहेत : रात्री खाऊ नये, जेवणावर खाऊ नये, एकाच दिवशी दोनदा खाऊ नये, नुसता कोरडा खाऊ नये, पोट गच्च होईपर्यंत खाऊ नये आणि खाताना मध्ये मध्ये पाणी पिऊ नये. आमच्याकडे यांतला पहिलाच नियम सर्वांत जास्त मोडतो, कारण शेतातून उशिरा आलेला माणूस चूल पेटवण्यापेक्षा सातू कालवतो. त्याची खरी वेळ सकाळी, वावरात जाण्यापूर्वीची आहे.

सावधान : पाऊस सुरू झाला की पातळ सातू बंद करावा, पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही तो वर्ज्य मानला आहे. त्या दिवसांत जव भाकर आणि कण्यांच्या रूपाने, गरम आणि तुपासह खावा.

### पायरी ७ : जवाचे पाणी

दोन मोठे चमचे जव धुऊन एक लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळावा, गाळावा आणि कोमट झाल्यावर सैंधव व लिंबू पिळावे. मध घालायचा असेल तर पाणी निवल्यावरच घालावा, कारण गरम पदार्थात मध आयुर्वेदाने निषिद्ध मानला आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये. गाळून उरलेला जव फेकू नये. तो खिचडीत जातो.

आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हे पाणी सकाळी केले तर दुपारपर्यंत आंबते. तार येऊ लागली किंवा आंबूस वास आला की टाकून द्यावे. सकाळी करून दुपारच्या आत संपेल इतकेच करावे.

सावधान : ऊन लागून माणसाचे अंग तापले असेल, तो बरळत असेल किंवा घाम थांबला असेल, तर जवाचे पाणी पाजत घरी बसू नये, त्याला सावलीत घेऊन अंग ओले करत तात्काळ दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. हगवणीतही ओआरएसची जागा हे पाणी घेत नाही.

### पहिल्या महिन्याचे प्रमाण

पहिल्या आठवड्यात दिवसाआड एकदा, तेही दुपारी, वाटीभर कण्या. दुसऱ्या आठवड्यात चारास एक या प्रमाणाची पोळी रोज एका जेवणात. तिसऱ्या आठवड्यापासून एक जेवण जवाचे आणि दुसरे नेहमीचे. वायू धरला, पोट जड झाले किंवा मळ फार सैल झाला, तर एक आठवडा मागे यावे आणि जिरे व सुंठ वाढवावी; पाणीही पुरेसे प्यावे, कारण तंतुमय अन्न कमी पाण्यात पोट अडवते. ज्यांच्या अंगात मुळातच रूक्षता आहे, म्हातारी माणसे असतील किंवा अंगाने अगदी सुकलेली, त्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळाच द्यावा आणि तोही पातळ, तुपासह.

उरलेला सोललेला जव मृगाच्या आधी एकदा कडक ऊन दाखवून, थंड करून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. पावसाळ्यात डबा उघडताना हात आणि माप दोन्ही कोरडे असावेत, आणि दर पंधरवड्याला मूठभर दाणे काढून त्यांचा वास घ्यावा.